हीटर कोअर वारंवार का गळतो: जुन्या गाडीतला मूळ दोष शोधण्याची पद्धत

जुन्या गाडीचा हीटर कोअर पंधरा-वीस वर्षांनी एकदा गळला, तर त्याचे आयुष्य संपले असे समजून नवा बसवावा. परंतु नवा बसवलेला कोअर वर्ष-दोन वर्षांत, कधीकधी तर एका हंगामातच पुन्हा गळू लागला, तर तिसरा विकत घेण्याआधी थांबले पाहिजे. दुसऱ्यांदा गळलेला कोअर बहुतेक वेळा स्वतः दोषी नसतो. खराब पाणी, वाढलेला दाब, भरकटलेली वीज किंवा पाइपांची ओढाताण यांपैकी कशाने तरी तो निकामी केलेला असतो, आणि ते कारण गाडीत तसेच राहिले तर नवा भागही त्याच वाटेने जातो. डॅशबोर्डच्या मागे ब्लोअरच्या डब्यात बसवलेला हा छोटा रेडिएटर दोन रबरी पाइपांनी इंजिनाशी जोडलेला असतो. त्याच्या नळ्यांचा पत्रा अतिशय पातळ असल्यामुळे कूलिंग यंत्रणेत काही बिघडले की त्याची पहिली खूण पुष्कळदा येथेच उमटते.

विदर्भातल्या खेड्यांत जुन्या बोलेरो, सुमो आणि जीपगाड्या आजही रोज रस्त्यावर असतात. गोंदिया किंवा नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो तेवढे दिवस सोडले, तर हीटर कोणी लावत नाही. म्हणून कोअर गळला की मिस्त्री दोन्ही पाइप एकमेकांना जोडून देतो आणि गाडी पुन्हा चालू लागते. तात्पुरती सोय म्हणून हा बायपास चुकीचा नाही. मात्र पाइप एकमेकांना जोडावेत, दोन्हींची तोंडे बुच मारून बंद करू नयेत, कारण काही इंजिनांमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा वॉल्व्ह) बंद असताना कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, हीटरच्याच मार्गाने फिरत असते. बायपासने गळती थांबते, तिचे कारण मात्र थांबत नाही. ज्याने कोअर खाल्ला तेच पुढे रेडिएटर, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) आणि शेवटी हेडचे पॅकिंग (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधली गॅस्केट) खाते, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात हा बिघाड रस्त्यात उघडा पडला तर इंजिनाची दुरुस्ती काही हजारांत आटोपत नाही.

आधी गळती कोअरचीच आहे याची खात्री

पायाखालची मॅट ओली दिसली म्हणून डॅशबोर्ड उघडायला घेऊ नये. एसीच्या निचऱ्याची नळी चिखलाने बुजली की तिचे पाणी आत सांडते, आणि पावसाळ्यात काचेखालच्या जाळीतून पावसाचे पाणीही आत उतरते. ही दोन्ही पाणी स्वच्छ, वासरहित आणि बोटाला साधी लागतात. कूलंट मात्र किंचित चिकट लागते, त्याला गोडसर वास असतो आणि पांढऱ्या सुती कापडावर टिपले की त्याचा रंग उमटतो. गाडीत कूलंटऐवजी नुसतेच पाणी भरलेले असेल, तर रंग आणि वास या दोन्ही खुणा मिळत नाहीत. अशा वेळी रेडिएटर काठोकाठ भरून ठेवावा आणि मॅट किती ओली होते व पातळी किती उतरते यांचा मेळ दोन-तीन दिवस पाहावा. ब्लोअर लावल्यावर समोरच्या काचेवर आतून तेलकट, पुसूनही न जाणारा धुरकट थर बसत असेल, तर कोअरवरचा संशय बळकट होतो.

एवढ्यावरही निर्णय घेऊ नये. फायरवॉलजवळची, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्याच्या भिंतीजवळची, क्लिप सैल असेल तर कूलंट पाइपाच्या अंगावरून ओघळत आत येते आणि थेट कोअरच्या डब्याखाली थेंब पडतो. टॉर्चच्या उजेडात दोन्ही पाइपांची मुळे, क्लिपा आणि असल्यास हीटरचा कॉक (कोअरकडे जाणारे कूलंट बंद-चालू करणारा) बोट फिरवून तपासावा. कोरड्या पाइपावर पांढरट किंवा हिरवट पापुद्रा दिसला, तर तेथून कूलंट झिरपून वाळलेले आहे असे समजावे.

पक्की खात्री दाबाच्या पंपानेच होते. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून त्या जागी हातपंप बसवावा, झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब द्यावा आणि पंधरा मिनिटे काटा पाहावा. काटा उतरला आणि बॉनेटखाली कोठेही ओल नसेल, तर दोन्ही हीटर पाइप जोडून बायपास करावा आणि हीच चाचणी पुन्हा घ्यावी. आता काटा स्थिर राहिला तर गळती कोअरमध्येच आहे. तालुक्याच्या प्रत्येक गॅरेजात हा पंप नसतो, परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी रेडिएटरची कामे करणाऱ्यांकडे तो सहसा मिळतो, आणि डॅशबोर्ड विनाकारण उघडण्याच्या मजुरीपुढे तेवढी चक्कर केव्हाही परवडते.

काढलेला कोअर भंगारात देऊ नका

या कामातला सर्वांत मोठा पुरावा काढलेला जुना कोअर हाच असतो, आणि नेमका तोच गॅरेजच्या कोपऱ्यातल्या भंगारात जाऊन पडतो. आधीच मिस्त्रीला सांगून ठेवावे की जुना भाग आपल्याला परत हवा आहे. घरी आणल्यावर तो धुऊन वाळवावा, एका नळीचे तोंड बुचाने बंद करावे, दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हलकी हवा भरावी आणि कोअर पाण्याच्या टबात बुडवावा. बुडबुडे कोठून येतात ते पाहून तेथे खिळ्याने खूण करावी. कारणाची दिशा पुष्कळदा या एका खुणेवरून कळते.

कोअरच्या कडेची टाकी आणि नळ्यांची जाळी यांच्या सांध्यावरून बुडबुडे येत असतील, सांधा फाकलेला असेल किंवा टाकीचा पत्रा बाहेर फुगलेला असेल, तर दाबाचा संशय घ्यावा. येणारी किंवा जाणारी नळी जिथे टाकीला जोडलेली असते तिथे तडा गेला असेल, तर ओढाताण किंवा हादरे हे कारण असते. बाहेरून घासून पत्रा चमकदार झाला असेल, तर कोअर डब्यात सैल बसवला होता आणि त्याच्याभोवतीची स्पंजाची पट्टी लावायची राहिली होती. आत येणाऱ्या नळीचे वळणच तेवढे आतून झिजून कागदासारखे पातळ झाले असेल, तर कूलंट वाजवीपेक्षा अधिक वेगाने शिरत आहे. काही गाड्यांच्या आत येणाऱ्या पाइपात वेग कमी करणारी बारीक भोकाची चकती असते आणि पाइप बदलताना ती जुन्या पाइपाबरोबर फेकली जाते.

जाळीच्या मध्यभागी सुईच्या टोकाएवढी अनेक भोके असतील, तर मात्र पुढचा तपास सर्वांत काळजीने करावा लागतो. असा कोअर लोखंडी करवतीने आडवा कापून उन्हात धरावा. आतून नळ्यांवर सर्वत्र पांढरा, चुनखडीसारखा खरखरीत थर असेल, तर पाण्यातल्या क्षारांनी हे काम केलेले असते. थर फारसा नसून ॲल्युमिनियमला जागोजाग काळसर, खोल खड्डे पडलेले असतील आणि बाकीचा पत्रा स्वच्छ असेल, तर कूलंटमधून वीज वाहत असल्याची दाट शक्यता असते. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर आश्चर्य वाटू नये, कारण खारे पाणी विजेलाही चांगली वाट करून देते. कापलेल्या नळ्यांत पिवळा-तपकिरी चिकट गाळ सापडला, तर कोणीतरी पूर्वी रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती बुजवण्याची पावडर टाकलेली आहे. रस्त्यात अडकलेल्या माणसाला हळदीचा उपाय घरापर्यंत पोहोचवतो हे खरे, पण तीच हळद पुढे सर्वांत बारीक नळ्यांत, म्हणजे हीटर कोअरमध्ये जाऊन बसते.

दाब

रेडिएटरचे झाकण हा दाब धरून ठेवणारा आणि मर्यादेपलीकडे गेल्यावर तो सोडणारा वॉल्व्ह असतो. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तो किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असून सुमारे १३ आणि १६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) इतका होतो. गाडी तापते म्हणून जास्त आकड्याचे झाकण बसवण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि त्याने उकळी थोडी लांबते हेही खरे आहे. परंतु वाढलेला प्रत्येक पीएसआय थेट कोअरच्या सांध्यांवर येतो. कंपनीने सांगितलेल्याच आकड्याचे नवे झाकण बसवून तपासाची सुरुवात करावी, कारण हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

झाकण योग्य असूनही दाब वाढत असेल, तर हेडच्या पॅकिंगमधून जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतो आहे का ते पाहावे. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा वरचा रेडिएटर पाइप हाताने दाबून पाहावा. रात्रभरात इंजिन थंड झाल्यावर त्यात दाब उरायला नको. तो तरीही कडक लागला तर ती वाईट खूण आहे. मग झाकण कापडाने धरून सावकाश उघडावे, रेडिएटर काठोकाठ भरावा, इंजिन चालू करून तोंडात पाहत राहावे. सुरुवातीचे थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. इंजिनाचा वेग वाढवल्यावर बुडबुड्यांची अखंड रांग लागली, तर पॅकिंग किंवा हेड यांचा निकाल लागल्याशिवाय नवा कोअर बसवण्यात अर्थ नाही. पेट्रोल गाडीत निळ्या रंगाच्या तपासणी-द्रवाने हे निश्चित करता येते; वायू असल्यास तो पिवळा पडतो. डिझेल इंजिनात ही चाचणी तितकी भरवशाची नसते, म्हणून तेथे पाइपाचा कडकपणा आणि बुडबुडे यांवर अधिक लक्ष द्यावे.

जाता जाता रेडिएटरचा समोरचा भागही पाहावा. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत कापसाचे तंतू आणि कुटार जाळीत असे घट्ट बसते की हवा आत जातच नाही; इंजिन तापते, दाब वाढतो आणि दोष कोअरच्या माथी येतो. इंजिनाच्या बाजूने बाहेर असा हलका पाण्याचा फवारा मारून ती जाळी साफ करावी.

वीज

हा तपास सर्वांत कमी केला जातो, आणि वर्षभरात कोअर खाणाऱ्या गाड्यांत तोच सर्वांत जास्त उपयोगी पडतो असे माझे ठाम मत आहे. बॅटरीची ऋण बाजू इंजिनाला आणि बॉडीला जाड केबलने जोडलेली असते. ती केबल गंजली, तिचा नट सैल झाला किंवा इंजिन उतरवून बसवताना एखादी पट्टी लावायची राहिली, तर वीज परतीसाठी दुसरा मार्ग शोधते. कूलंट हा असाच एक मार्ग असतो. जुन्या गाड्यांत मागाहून बसवलेले दिवे, मोठे हॉर्न आणि म्युझिक सिस्टिम यांची अर्थिंग ज्याने त्याने मिळेल त्या स्क्रूला दिलेली असते, त्यामुळे हा धोका आणखी वाढतो.

चाचणीला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडावे. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या सर्वांत लहान पट्टीवर ठेवून त्याची काळी तार बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर धरावी आणि लाल तारेचे टोक रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये असे बुडवावे की ते कोणत्याही धातूला टेकणार नाही. सर्व काही बंद असताना आकडा लिहून घ्यावा. त्यानंतर मदतनिसाला एकेक गोष्ट चालू करायला सांगावे: चावी, हेडलाइट, ब्लोअर, वायपर, हॉर्न, मागाहून बसवलेले दिवे. शेवटी इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करून, म्हणजे पेट्रोल गाडीत कॉइलची आणि डिझेल गाडीत पंपाच्या सोलेनॉइडची तार काढून, सेल्फ मारायला सांगावे. आकडा ०.१ व्होल्टच्या आत राहिला तर काळजी नाही. तो ०.३ व्होल्टच्या वर गेला, तर ॲल्युमिनियमचा कोअर फार दिवस टिकणार नाही.

आकडा कोणत्या क्षणी वाढतो ते नीट पाहावे. हॉर्न दाबल्यावर उडी मारली तर हॉर्नची अर्थिंग सदोष आहे. सेल्फ मारताना उडी मारली तर बॅटरी ते इंजिन ही मुख्य केबलच नीट नाही. त्याची खातरजमा करण्यासाठी काळी तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर, लाल तार इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा सेल्फ मारावा. दोन्हींमधला फरक ०.२ व्होल्टपेक्षा अधिक असेल, तर केबल बदलावी किंवा दोन्ही टोके पॉलिश पेपरने चकचकीत घासून पुन्हा आवळावीत. सर्व काही बंद असूनही आकडा मोठा असेल, तर बॅटरीची केबल सोडून काळी तार इंजिनाच्या धातूला लावावी. तरीही आकडा तसाच राहिला, तर ही वीज बाहेरून आलेली नाही; कूलंटमधले गंजरोधक द्रव्य संपल्यामुळे तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्यात ते कूलंटच बॅटरीसारखे काम करू लागले आहे, आणि ते पूर्ण काढून टाकण्याची वेळ झाली आहे.

दोष सापडल्यावर इंजिन आणि चेसिस यांच्यात वेणीदार तांब्याची एक जादा पट्टी बसवणे चांगले. मात्र खुद्द हीटर कोअरला अर्थिंगची तार जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये; तसे केल्याने कोअर विजेचा सोपा मार्ग बनतो आणि लवकर जातो. गाडीवर वेल्डिंग करून घेताना बॅटरीच्या दोन्ही केबली काढाव्यात आणि वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या अगदी जवळ धरावी.

पाणी

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात जे पाणी माणसाला पिववत नाही, तेच रेडिएटरमध्ये बेधडक ओतले जाते. त्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमवरचा नैसर्गिक संरक्षक थर फोडते आणि आत खड्डे पाडते. बाकीच्या विदर्भातही बोअरचे पाणी जड असते आणि तापले की नळ्यांत चुन्याचा थर धरते. बर्फ पडत नाही म्हणून कूलंटची गरज नाही, ही समजूत सोडून दिली पाहिजे. गोठण्यापासून संरक्षण हे त्याचे केवळ एक काम आहे, आणि आपल्यासाठी त्यातले गंजरोधक द्रव्य व उशिरा येणारी उकळी ही कामे अधिक मोलाची आहेत. घरच्या आरओ यंत्रातून टाकून दिले जाणारे पाणी वापरणे तर बोअरच्या पाण्याहून वाईट, कारण त्यात क्षार अधिक दाट झालेले असतात.

बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे घ्यावे, किंवा तयार मिश्रण मिळत असेल तर त्यात पाणी न घालता वापरावे. हिरव्या, लाल किंवा निळ्या रंगावरून कूलंटचा प्रकार ठरत नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकार पाहावा आणि दोन प्रकार एकत्र करू नयेत, कारण काही मिश्रणांचा गाळ बनतो. प्रवासात पातळी उतरली तर बाटलीबंद पाणी घालून घरी येणे चालते, पण घरी आल्यावर मिश्रण पुन्हा नीट करावे. आणखी एक गोष्ट आपल्या हवामानातून येते: ज्या गाड्यांना हीटरचा कॉक आहे, तिथे तो दहा-दहा महिने बंद राहतो, कोअरमधले कूलंट साचून राहते आणि गाळ त्यातच बसतो. म्हणून दर महिन्याला एकदा, उन्हाळ्यातसुद्धा, काचा उघड्या ठेवून कॉक दहा मिनिटे पूर्ण उघडावा.

ओढाताण आणि बसवणी

नळीच्या मुळाशी तडा असेल, तर इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे ते ज्या रबरी आधारांवर बसते ते, पाहावे. बॉनेट उघडे ठेवून, हँडब्रेक ओढून आणि ब्रेक दाबून धरून मदतनिसाने क्लच किंचित सोडला की इंजिन किती उचलते ते दिसते. पांदण रस्त्यांवर रबर लवकर फाटते, इंजिन डोलते आणि प्रत्येक हिसक्यासरशी हीटरचे पाइप कोअरच्या मानेला ओढतात. पाइप मूळ लांबीपेक्षा आखूड कापलेले असतील तरी हेच होते. जुना रबरी पाइप काढताना पक्कडीने पिळू नये. ब्लेडने लांबीत चिरून सोलून काढावा, नाहीतर नव्या कोअरची नळी पहिल्याच दिवशी वाकते. पितळी-तांब्याचा जुना कोअर झाळून घेतला असेल, तर झाळताना वापरलेले आम्ल आतून पूर्ण धुतले गेले आहे का ते विचारावे, कारण उरलेले आम्ल आतून पुन्हा भोक पाडते. ॲल्युमिनियमच्या कोअरला एम-सील लावून बसवू नये. तापणे आणि निवणे यांत तो थर सुटतो.

नवा कोअर जोडण्याआधी, पाइप बायपास करून, सगळी यंत्रणा स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावी आणि शेवटचे धुणे डिस्टिल्ड वॉटरने करावे. निघालेले जुने कूलंट अंगणात किंवा बांधावर ओतू नये. ते गोड लागते, आणि गुरे किंवा कुत्री प्यायली तर मरतात. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये द्यावे. कोअर डब्यात बसवताना स्पंजाच्या पट्ट्या नव्या लावाव्यात, पाइप जोडावेत आणि डॅशबोर्ड बंद करण्याआधी दाबाची चाचणी पुन्हा घ्यावी. या टप्प्यावर मिस्त्री घाईत असतो, तरी आग्रह धरावा. त्यानंतर गाडीचा पुढचा भाग चढावर उभा करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडे असताना इंजिन चालवावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते.

पहिल्या आठवड्यात दररोज सकाळी थंड गाडीची पातळी पाहावी आणि महिन्याभराने मल्टिमीटरची चाचणी पुन्हा करावी. पुढे गाडीत नवा दिवा, हॉर्न किंवा स्पीकर बसवला की त्याच दिवशी ती एकदा करून पाहावी. जुन्या प्रकारच्या कूलंटचे आयुष्य साधारण दोन वर्षे धरावे. ते भरल्याची तारीख रेडिएटरच्या टाकीवर मार्करने लिहून ठेवली, तर पुढच्या मिस्त्रीलाही ती दिसते.